कमावलेला भात

माझं वजन ब्याण्णव किलो भरलं त्या दिवशी डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट माझ्याकडे फिरवला, एका आकड्यावर पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाले, "डायबेटिस अजून झालेला नाही. पण दारात येऊन उभा आहे."

"मग?"

"दहा किलो उतरवा. गोळ्या इतक्यात नकोत."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की बाहेर येऊन चपला घालेपर्यंत मलाही ते सहजच वाटत होतं.

पनवेलला तहसील कचेरीच्या समोरच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी साडेनऊला मी स्टुलावर बसतो तो संध्याकाळी सातला उठतो. मधे उठायचं कारण म्हणजे मशीनमध्ये कागद अडकणं. अकरा वाजता वडापाव, चारला भजी, दिवसभरात पाच चहा. एवढं खाणारा माणूस एवढंसं हलतो, हे मला बावन्न वर्षांचा होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण रिपोर्टात छापून आलं नव्हतं.

मुलगी कॉलेजात आहे. तिने त्याच संध्याकाळी माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकलं. वय, उंची, वजन विचारून घेतल्यावर पडद्यावर हिरव्या रंगात एक आकडा आला. सतराशे.

"हे तुमचं दिवसाचं खाणं," ती म्हणाली. "जे खाल ते यात लिहायचं. तेवढं वजा होत जातं."

"आणि शून्य झालं की?"

"की बास."

लिहिणं सोपं नव्हतं. तांदळाची भाकरी लिहिली तर ते कुठल्याशा परदेशी पापडीचं चित्र दाखवायचं. सुकट त्याला माहीतच नव्हती. मी सुकटीच्या जागी कोळंबी लिहायला लागलो, मग वाटायला लागलं की आपण खोटं लिहितोय, म्हणून थोडी कमी लिहायला लागलो. त्याने काय बरोबर झालं आणि काय चुकलं ते आजही मला सांगता येणार नाही. एवढं खरं, की दुपारी चारपर्यंत माझा आकडा संपत यायचा आणि पुढे आख्खी संध्याकाळ उरायची. त्या दिवसांत मी गिऱ्हाइकांवर खेकसायचो. एका म्हाताऱ्या बाईला सातबाऱ्याच्या दोन प्रती हव्या होत्या, मी पाच काढल्या आणि वर तिलाच बोललो.

मग एका रविवारी स्कूटर पंक्चर झाली. मासळी आणायला मी उरण नाक्यापर्यंत चालत गेलो आणि पिशवी घेऊन चालतच परत आलो. घरी येऊन बांगडे लिहायला मोबाईल उघडला तर हिरवा आकडा वाढलेला.

मी मुलीला हाक मारली. "हे बिघडलंय बघ."

तिने बघितलं. "बिघडलं नाही पप्पा. तुम्ही चाललात ना? तेवढं जाळलंत. म्हणून तेवढं जास्त खायला मिळणार."

"म्हणजे कमावलं?"

"हो. तसंच लिहिलंय बघा."

खरंच तसं लिहिलं होतं. त्या दुपारी मी बांगड्याची आणखी एक तुकडी घेतली, आणि गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा जेवण झाल्यावर मला अपराधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वडाळे तलावावर चालायला जाऊ लागलो. सकाळी सहाला निघायचं, तलावाला फेऱ्या मारायच्या. थोड्याच दिवसांत माझे हिशेब पक्के झाले. तासभर चाललं की एक वडापाव. अर्ध्या फेरीचा साखरेचा चहा. पहिल्या महिन्यात साडेतीन किलो उतरले. पँटला पट्टा लावावा लागला. दुकानात येणारे वकील विचारायला लागले, काय करता? मी त्यांना सांगायचो, काही सोडलेलं नाही. खातो, पण कमावून खातो.

हे वाक्य मला फार आवडलं होतं. घरी जेवताना मी ते रोज म्हणायला लागलो. बायको भात वाढायला आली की मी मोबाईल बघून म्हणायचो, "वाढ, आज कमावलाय." किंवा, "नको, आज भात कमावला नाही." ती अंगणवाडीत शिकवते, दिवसभर पोरांचं ऐकते. ती नुसती हसायची आणि पातेलं पुढे न्यायची, बाबांच्या ताटाकडे.

बाबा, म्हणजे माझे वडील, तीन वर्षांपूर्वी आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. वय ऐंशीच्या पुढे, नक्की किती ते त्यांनाही माहीत नाही. त्यांचं सगळं आयुष्य उरणच्या बाजूला मिठागरात गेलं. उन्हाळाभर मीठ ओढायचं, पाटीने वाहायचं, पावसाळ्यात भात लावायचा. आता तिथे मिठागर नाही आणि शेतही नाही, बंदरावरच्या मोठमोठ्या कंटेनरांचं आवार आहे. अंगाने ते कायम काटक. आणि खाणं असं, की ताटात भाताचा ढीग, ढिगात बोटांनी केलेला खळगा, आणि खळग्यात काठोकाठ कालवण. तो ढीग संपला की दुसरा. लहानपणी मला वाटायचं सगळेच बाप इतकं जेवतात.

एके संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "सकालचा जातंस तं कोनाच्या कामाला जातंस?"

"कुनाच्याच नाय, बाबा. चालाया जातो."

"चालून काय करतंस?"

"काय नाय. फेऱ्या मारतो."

"अन् मंग भात कमावला, कमावला बोलतंस, तो देतो कोन?"

मी मोबाईल दाखवला. "ह्यो देतो."

मुलगी खो खो हसली. बाबाही हसले. मग त्यांनी घास गिळला आणि पुढचं विचारलं, "अन् जो चालला नाय, त्यानं?"

मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवतंय. तोंडात माशाचा काटा होता, तो काढता काढता मी म्हणालो, "त्यानं मंग कमी खायाचं."

एवढंच. टीव्ही चालू होता. पुढे दुसऱ्याच कशावर तरी बोलणं गेलं.

दुसऱ्या महिन्यात माझं वजन थांबलं. तिसऱ्या महिन्यात ते सातशे ग्रॅमने वाढलं. मी वजनकाटा फरशीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवून पाहिला. मग आणखी चालायला लागलो, संध्याकाळीही. जास्त चाललो की जास्त भूक लागायची, भूक लागली की कमावलेलं सगळं खायचो, आणि काटा होता तिथेच. पाऊस जोराचा असेल तेव्हा हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत, असा तास तास चालायचो. बाबा दिवाणावर बसून माझ्याकडे बघायचे, टेनिस बघावं तसं, इकडून तिकडे.

डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "चालता ते ठीक आहे. पण चाललेलं परत खाता कशाला? ती यंत्रं वाढवून सांगतात."

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "पण पप्पा, न खाता चाललात तर अंग खराब होतं, ॲपमध्येच दिलंय." तलावावर एक निवृत्त बँकवाले भेटायचे, पोट सपाट, मोजे पांढरे. त्यांना विचारलं तर म्हणाले, अर्धं खा, अर्धं सोडा. मी एक आठवडा डॉक्टरांचं ऐकलं, एक आठवडा मुलीचं, एक आठवडा बँकवाल्यांचं. तिन्ही आठवड्यांत वजन जवळपास तेवढंच. या सगळ्यात एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. मला भूक लागली आहे की नाही, हे मला कळेनासं झालं होतं. कुणी समोर लाडू धरला की मी पोटाला विचारायच्या आधी खिशातला मोबाईल काढायचो. आकडा शिल्लक असेल तर भूक लागायची. नसेल तर लागलेली भूक कुठे जायची कोण जाणे, पण चिडचिड राहायची.

म्हणून असेल, बाबांचं काही माझ्या ध्यानात आलं नाही. ते बायकोच्या ध्यानात आलं.

ती एका रात्री जेवणं आटोपल्यावर ओटा पुसता पुसता म्हणाली, "अहो, भात उरतोय."

"कमी लाव मग."

"तुमचा नाही. बाबांचा. दुपारचं झाकून ठेवलेलं ताट मी आल्यावर बघते, निम्मं तसंच असतं. पहिल्यांदा वाटलं, उकाडा आहे. पण त्यांची बंडी बघितलीत का? खांद्यावरून खाली येते."

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "भूक नाय लागत."

"बरं नाय वाटत का?"

"बरा हाय मी."

वय झालं, असं मी म्हणालो. आणि खरंच तसंच वाटलं मला. शिवाय मनात कुठेतरी, आता लिहिताना लाज वाटते, थोडा हेवाही वाटला. मी इतका झगडतोय आणि यांना नुसती भूक लागत नाही.

मग खालच्या मजल्यावरच्या बाई बायकोला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, तुमचे सासरे दुपारचे पॅसेजमध्ये काय करत असतात हो? काठीचा आवाज येत असतो, टक टक, तास तासभर. बायकोने मला सांगितलं. मी म्हटलं, कंटाळत असतील.

त्यानंतर आठवड्याभराने दुकानात वीज गेली आणि दुपारी दोन वाजता मी घरी आलो. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोर बाबा. पाठमोरे. एक हात भिंतीला, एका हातात काठी. पॅसेजच्या टोकाला, जिन्याच्या खिडकीपर्यंत गेले, हळूच वळले आणि ओठ हलवत परत यायला लागले. काहीतरी मोजत होते. मला बघून थांबले, पण दचकले नाहीत. उलट बरं झालं आलास, असा चेहरा झाला.

"अठ्ठ्याऐंशी झाल्या," ते म्हणाले. "नव्वद करतो, थांब."

उरलेल्या दोन येरझाऱ्या होईपर्यंत मी लिफ्टच्या दारात उभा राहिलो. धोतराच्या निऱ्या एका बाजूला घसरल्या होत्या. नव्वदावी झाल्यावर ते माझ्याजवळ आले, धाप लागली होती, आणि माझ्या खिशाकडे बोट करून म्हणाले, "इचार त्याला. नव्वदचा किती भात होतो?"

हसावं, तर ते हसत नव्हते. चेष्टा करत असतील असं वाटलं, कारण बाबा चेष्टेखोर आहेतच, पण चेष्टा करायला माणूस दुपारच्या उकाड्यात नव्वद येरझाऱ्या मारत नाही. मी मोबाईल खरोखरच बाहेर काढला. कशाला काढला माहीत नाही. त्यात बाबांचं नाव नव्हतं, वय नव्हतं, त्यांच्या पावलांचा पत्ता नव्हता. मी पडद्यावर उगाच बोट फिरवलं आणि म्हणालो, "पुष्कळ होतो, बाबा. दोन ताटं होतो."

"खोटं बोलतंस," ते म्हणाले आणि दार लोटून आत गेले.

मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. झाकलेलं ताट टेबलावर होतं. त्यांनी हात धुतले, बसले, आणि मी वाढलेलं सगळं जेवले. मी समोर बसून राहिलो. मधेच मी म्हणालो, "बाबा, तुमाला काय कमवायाचं हाय आता? पन्नास वरसं मीठ ओढलंत. तुमचा भात कवाचाच कमवून झालाय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी काहीतरी अडाण्यासारखं बोललोय.

"तवाचं तवाच खाल्लं," ते म्हणाले. "त्यातलं आता काय उरलंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. वजन सहा किलोने उतरलं होतं. माझं नव्हे, त्यांचं. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, जेवताना मी काय बोललो तेही. ते ऐकत होते, पण ऐकता ऐकता त्यांनी बाबांचं तोंड उघडायला लावलं आणि टॉर्च मारला. कवळी सैल झाली होती. खालच्या हिरडीला दोन ठिकाणी जखमा होत्या. "हे बघा," ते म्हणाले, "कसं जेवतील? दाताच्या डॉक्टरकडे न्या."

मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. कवळी! म्हणजे मी नव्हतो. रिक्षात मी बायकोला तीनदा म्हणालो, बघ, कवळी होती.

ती बाहेर बघत होती. "हो," ती म्हणाली. "पण कवळीसाठी कोण पॅसेजमध्ये चालतं?"

बाबा आमच्या दोघांच्या मधे बसले होते. त्यांनी ऐकलं असणार.

कवळी नवी झाली. हिरड्या भरल्या. बाबांचं खाणं वाढलं, पण पहिल्यासारखं नाही. आणि ते का जेवत नव्हते हे मी विचारत सुटलो, घरच्यांनाही विचारायला लावलं, कारण मला कळून घ्यायचंच होतं. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "तू बोललास म्हनून नाय रं. मी येवडा येडा हाय का?" बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "तोंड दुखायाचं, अन् तुमाला सांगून परत खर्च." मुलीला मात्र वेगळंच सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा म्हणाले, घरात सगले कायतरी करून जेवतात, तू शिकतंस, आय पोरांना शिकवते, बाप दुकान करतो अन् वर चालतो. मीच एकला बसून."

मी तिला म्हटलं, "मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आजोबा, तुम्ही म्हातारे आहात."

"मग?"

"मग ते म्हणाले, म्हाताऱ्याचा रेट काय हाय?"

या तिन्हींतलं खरं कुठलं? तिन्ही खरी असतील. किंवा चौथंच काही असेल, जे आई असती तर तिला सांगितलं असतं. मला आठवतं, मी आठवीत असताना मिठागराच्या बांधावर बाबांचा पाय मुरगळला होता, दोन महिने घरात पडून होते. आई त्यांच्या ताटात नेहमीपेक्षा जास्त वाढायची. मी ही आठवण त्यांना करून दिली. म्हटलं, तवा तुमी कमवत नव्हता, तरी जेवत होता ना? ते म्हणाले, "तवा परत कामाला जायाचं होतं."

मुलीकडून मी ॲपमधली ती सोय बंद करून घेतली. आता चाललं तरी आकडा वाढत नाही. पहिले काही दिवस तलावावर पाय उचलत नव्हते. फुकट कशाला चालायचं, असं वाटायचं, आणि असं वाटतंय म्हणून स्वतःचाच राग यायचा. मग बाबांना बरोबर न्यायला लागलो. रिक्षाने जातो, ते बाकावर बसतात, मी फिरतो. दर फेरीला त्यांच्यासमोरून जाताना ते हात वर करतात. फेऱ्या किती झाल्या ते मी मोजत नाही. ते मोजतात की नाही, विचारलेलं नाही. परतताना एका ठेल्यावर इडली घेतो. ते चार खातात. मी कधी दोन, कधी चार, कधी एकही नाही. खाण्याआधी क्षणभर थांबतो आणि पोटाकडे लक्ष देऊन बघतो. कधी आतून काहीतरी उत्तर येतं. बऱ्याचदा येत नाही, मग अंदाजाने खातो.

घरी जेवताना कमावण्याचा शब्द मी काढत नाही. बाबा भाताचा ढीग करतात, पहिल्यापेक्षा लहान. दुसऱ्या वाढपाला बायको पातेलं घेऊन आली की ते एकदा माझ्याकडे बघतात. परवानगी मागितल्यासारखं वाटतं मला. बायको म्हणते तसं काही नाही, म्हातारी माणसं अशीच बघतात, तुम्हाला वाढू का म्हणून बघत असतील. मी ताटात डोळे घालून बसतो, म्हणजे त्यांना बघायला नको. त्यानेही त्यांना काय वाटत असेल, सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात परत रक्त तपासलं. वजन शहाऐंशी. साखर तेवढीच, दारातच उभी. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. कधी चालतो, कधी नाही, कधी चालून खातो, कधी न चालता खातो, आकडा लिहायचं आठवड्यातून दोन दिवस विसरतो. भूक ओळखायला शिकतोय, अजून जमत नाही, असंही म्हणालो. त्यांनी रिपोर्ट घडी करून माझ्या हातात दिला.

"छान," ते म्हणाले. "चाललंय ते चालू ठेवा."

मी विचारणार होतो की यातलं नक्की कुठलं, पण तोवर त्यांनी घंटी वाजवली होती आणि पुढचा पेशंट आत येऊन माझी खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत उभा होता.